टाकीवरचा खडू

प्लगकाका गेली चार वर्षं घरून दुकानात चालत जात होते आणि दुकानातून घरी चालत येत होते, आणि त्यांच्या बायकोला ह्याचा कोण अभिमान! शेजारीपाजारी सांगत सुटायची, "ह्यांची साखर नुसती चालण्यावर खाली आली हो. दुकानात दहा-पंधरा गाड्या उभ्या असतात, पण एकीवर बसून घरी येतील तर शपथ." ती हे सांगत असली की प्लगकाका आतल्या खोलीत मोजे शोधत बसायचे. मोजे पायातच असायचे.

खरं काय ते आधीच सांगून टाकलेलं बरं. प्लगकाकांना गर्दीत गाडी चालवायची भीती वाटायची. बत्तीस वर्षं मोटरसायकली दुरुस्त करणारा माणूस, आणि भीती कशाची, तर मोटरसायकलची! चार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची गाडी चालवून बघताना मोठ्या चौकात एक बस त्यांना घासून गेली. पडले. फार लागलं असंही नाही, कोपराला तीन टाके. पण डोळे उघडले तेव्हा बसचं मागचं चाक तोंडापासून वीतभर अंतरावर थांबलेलं होतं आणि त्या टायरच्या खाचेत अडकलेला एक बारीक खडा त्यांना अगदी स्वच्छ दिसला. टाके आठवड्यात निघाले, खडा काही डोक्यातून निघाला नाही. तेव्हापासून चार गाड्यांच्या मध्ये शिरायची वेळ आली की त्यांचे तळवे घामाने ओले व्हायचे आणि क्लचवरची बोटं उघडायचीच नाहीत. मग त्यांनी उपाय काढला. दुरुस्त केलेली गाडी सकाळी सहाला गोदामांच्या मागच्या रस्त्यावर न्यायची. तिथे त्या वेळी चिटपाखरू नसतं. दोन चकरा मारायच्या आणि परत आणून लावायची.

इथपर्यंत एकवेळ ठीक होतं. घोडं अडलं ते खडूपाशी.

त्यांच्या उस्तादाची एक पद्धत होती. दुरुस्ती झालेली गाडी, तिचा जो आजार असेल त्याच परिस्थितीत स्वतः चालवून बघायची. चढावर दम लागत असेल तर चढावर, पावसात बंद पडत असेल तर पाणी मारून. मगच टाकीवर खडूने लिहायचं, 'चालवून पाहिली.' गिऱ्हाईक ते वाचायचं, फडक्याने पुसायचं आणि बिनघोर निघून जायचं. उस्ताद गेला, दुकान प्लगकाकांकडे आलं आणि खडूही आला. नाव 'प्लगकाका' पडलं ते मात्र त्यांच्या स्वतःच्या खोडीमुळे. कुठलीही गाडी येवो, आधी प्लग काढणार, उजेडात धरणार, आणि मग गाडीच्या मालकालाच त्याच्या सवयी ऐकवणार. "पेट्रोल जास्त जातंय. चोक ओढून तसाच ठेवता ना?" माणूस ओशाळून हसायचा. प्लगकाकांना ते आवडायचं, का नाही आवडणार?

तर अशा दुकानात एक दिवस लॅबवाल्या ताई आल्या. वय असेल पस्तिशीचं. सकाळी घरोघर जाऊन म्हाताऱ्या-आजारी माणसांचं रक्त घ्यायचं, नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि एकच्या आत डबा लॅबमध्ये पोचवायचा, असं त्यांचं काम. गाडी जुनी, पण निगुतीने ठेवलेली. मागच्या वर्षी क्लचची केबल प्लगकाकांनीच बदलून दिली होती.

"काका, गाडी मिसिंग मारते," ताई म्हणाल्या. "पण नेहमी नाही. दुपारच्या उन्हात, गर्दीत हळूहळू चालली की फट्-फट् करते, आचके देते आणि बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की जसं काही झालंच नाही. मोकळ्या रस्त्यावर तर लोण्यासारखी पळते."

प्लगकाकांनी प्लग काढला, बदलला. दुसऱ्या दिवशी सहाला गोदामांमागे चालवली. गाडी लोण्यासारखी पळाली. ती पळणारच होती, ताईंनी सांगितलंच होतं की! प्लगकाकांनी खडू उचलला आणि लिहिलं, 'चालवून पाहिली.'

आठवड्याने ताई परत. कार्बोरेटर साफ केला, सकाळी सहाला चालवली, खडू. दहा दिवसांनी ताई पुन्हा. कॉइल बदलली, सकाळी सहा, खडू. गरम झाल्यावर दगा देणारी प्रत्येक वस्तू त्यांनी तपासली, फक्त गाडी तेवढी कधी गरम होऊ दिली नाही. चौथ्या वेळी ताई आल्या तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली होती आणि शेजारचा टायरवाला पंक्चर काढत होता. ताईंनी अगदी साधेपणाने विचारलं, "काका, तुम्ही गर्दीत नेऊन बघितलीत का?"

"बघितली की," प्लगकाका म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण खोटं बोललेल्या माणसाला गप्प बसवत नाही. गिऱ्हाइकं बघतायत, टायरवाल्याने मान वर केलीय, हे पाहून त्यांनी आवाज चढवला. "गाडीत काही दोष नाही, ताई. दोष हातात आहे. क्लच अर्धवट दाबून चालवता तुम्ही. इंजिन बिचारं करणार काय? चालवणारा चांगला असेल तर गाडी चांगली आहे."

एक गिऱ्हाईक हसलं. ताईंनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं, खरंच बघितलं, आणि म्हणाल्या, "असेल. मी उशिरा शिकले ना चालवायला." मग गाडी घेऊन निघून गेल्या. टायरवाला म्हणाला, "बायकांचं असंच असतं रे प्लग्या," आणि प्लगकाकांना जे समाधान वाटायला हवं होतं ते वाटलं नाही.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी प्लगकाका दुपारी जेवायला घरी निघाले होते. चौकाच्या अलीकडे रांग लागलेली, ऊन डोक्यावर, हॉर्नवर हॉर्न. फुटपाथच्या कडेला लॅबवाल्या ताई. गाडी बंद, डबा खांद्याला, तोंड लाल झालेलं. मागचा रिक्षावाला ओरडला, "जमत नाही तर आणायची कशाला रस्त्यावर?" ताई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "माफ करा हं, गाडी चांगली आहे, माझाच हात वाईट आहे."

हे शब्द कोणाचे होते ते प्लगकाकांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी काय करावं? पुढे व्हावं, गाडीला हात लावावा, इंजिन तापलेलं आहे तोवर बघून घ्यावं. इतके दिवस ज्याची गरज होती ते इंजिन समोर तापून उभं होतं! प्लगकाका वर्तमानपत्रांच्या टपरीमागे जाऊन उभे राहिले. ताई गाडी ढकलत चौक ओलांडून जाईपर्यंत ते एक मासिक उलटं धरून वाचत होते. टपरीवाल्याने ते त्यांच्या हातातून काढून सुलटं करून दिलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "ऊन लागलं असेल, चालून चालून. पण चालणं सोडू नका हं." त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला तो बराच वेळ खाली घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला ताई दुकानात आल्या. डबा मागे बांधलेला होता.

"काका, ह्या गाडीला गिऱ्हाईक बघून द्या."

"का?"

"काल परत डबा उशिरा गेला. इन्चार्ज म्हणाले, आणखी एकदा झालं तर फेरी दुसऱ्याला. मला आत टेबलावर बसवतील. त्यापेक्षा मीच सांगते, मला नाही जमत. तुम्ही म्हणालात ना, चालवणारा चांगला असेल तर गाडी चांगली आहे. मग चांगला चालवणारा बघून देऊन टाका."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर प्लगकाकांना भांडता तरी आलं असतं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "थांबा. मी आत्ता गर्दीत नेऊन आणतो."

गाडीवर बसले. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. पुढे मोठा रस्ता, बंपरला बंपर, मधून मोटरसायकली शिरतायत. एक बस उभी होती. प्लगकाकांचे तळवे भिजले. त्यांनी डाव्या हाताच्या बोटांना क्लच सोडायला सांगितलं, बोटांनी ऐकलं नाही. मागून कोणीतरी हॉर्न दिला. त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत परत आणली.

ताईंचा चेहरा एकदम उजळला. "बंद पडली ना? तुमच्या हातात पण बंद पडली ना?"

'हो' म्हटलं की सुटले असते. ताई खूश, गाडीत दोष आहे हे सिद्ध, चार वर्षांची अब्रू जागच्या जागी. टायरवाला बघत होता. एकाक्षरी शब्द, प्लगकाकांच्या तोंडात आलेला होता.

"नाही," ते म्हणाले. "चांगली चालू होती. मीच बंद केली. मला गर्दीत चालवता येत नाही, ताई. चार वर्षांपूर्वी पडलो, तेव्हापासून भीती बसलीय. तुमची गाडी मी गर्दीत कधी नेलीच नाही."

टायरवाल्याचा पंप थांबला.

"तिन्ही वेळा नाही?" ताईंनी विचारलं.

"तिन्ही वेळा नाही."

"पण टाकीवर लिहिलं होतंत."

प्लगकाका जमिनीकडे बघत राहिले. तेलाचे डाग, तुटलेली किल्ली, एक नट. कोणीतरी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ताईंनी घड्याळ बघितलं, डबा सोडला आणि त्यांच्या हातात दिला.

"एक वाजायला पंचवीस मिनिटं आहेत. बसा मागे. मी चालवते, तुम्ही बघा कुठे काय होतंय ते."

असे प्लगकाका, सगळ्या गल्लीच्या देखत, गिऱ्हाइकाच्या मागे डबा मांडीवर घेऊन बसले. टायरवाला पंप हातात धरून बघत राहिला.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर पहिली दोन मिनिटं त्यांनी डोळे मिटून घेतले होते, खोटं कशाला बोला. मग उघडले ते ताईंच्या डाव्या हातावर ठेवले, कारण बाकी कुठे बघायची सोय नव्हती. आणि काय दिसलं? हात सुरेख होता. क्लच पूर्ण दाबणार, गिअर टाकणार, अलगद सोडणार. अर्धवट काही नाही, झटका नाही. बसच्या आणि टेम्पोच्या मधून त्या गाडी अशी काढत होत्या की प्लगकाकांना चाळिशीत असतानाही ते जमलं नसतं. ह्या हाताला आपण चार लोकांत नावं ठेवली. त्यांना कान गरम झाल्यासारखे वाटले, आणि ते उन्हाने नव्हते.

चौकाच्या रांगेत इंजिन तापत गेलं. पायाला धग लागायला लागली. वारा नाही, गाडी हलत नाही. आणि मग आलं. फट्. मग नुसताच आचका. फट्-फट्.

"बघा," ताई घाबरून म्हणाल्या, "आता मी काही केलं का? काही केलं का मी?"

"काही नाही. बंद होऊ देऊ नका. जरा रेस धरून ठेवा."

प्लगकाका उतरले. डबा खांद्याला अडकवला, गुडघ्यावर बसले आणि टाकीखाली हात घातला. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू देत. कॉइल ठीक. प्लगची टोपी ठीक. इंजिनाच्या डोक्याजवळून वर जाणाऱ्या वायरींना त्यांनी एकेक करून बोट लावलं. एका जागी बोटांना रबराची गाठ लागली. जुन्या ट्यूबची बारीक पट्टी, दोनदा आवळलेली, टोक आतल्या बाजूला वळवलेलं. ती गाठ त्यांनी न बघता ओळखली. ह्या रस्त्यावर अशी गाठ मारणारा एकच माणूस होता. पट्ट्या टायरवाल्याकडच्या, गाठ प्लगकाकांची.

मागच्या वर्षी क्लचची केबल बदलताना इंजिन बंद करायच्या बटणाची वायर मध्ये येत होती. ती त्यांनी ओढून इंजिनाच्या अंगाला बांधून टाकली होती आणि विसरून गेले होते. त्या वायरीचं काम एवढंच की तिची तार लोखंडाला टेकली की इंजिन बंद व्हावं. मोकळ्या रस्त्यावर वारा लागायचा, काही व्हायचं नाही. गर्दीत इंजिन तापलं की वर्षभरात झिजलेलं वरचं प्लास्टिक मऊ पडायचं, गाठ दाबायची, आतली तार इंजिनाला टेकायची आणि गाडी आचके द्यायची. दहा मिनिटांत थंड झालं की प्लास्टिक पुन्हा ताठ. तीन वेळा सगळी गाडी उलटीपालटी केली, पण स्वतःच्या गाठीवर संशय घ्यायची प्लगकाकांना सवयच नव्हती.

त्यांनी पट्टी तोडली, वायर बाहेर ओढली. आचके जागच्या जागी थांबले. इंजिन एका लयीत चालायला लागलं. त्यांनी खिशातला रुमाल फाडून उघड्या तारेला गुंडाळला आणि वायर वर खोचून दिली. बोट भाजलं होतं, ते नंतर कळलं.

"काय होतं?" ताईंनी विचारलं.

"सांगतो. आधी डबा पोचू दे."

लॅबमध्ये शिरले तेव्हा एकला चार मिनिटं कमी होती. बाकड्यांवर सात-आठ माणसं रिपोर्टसाठी बसलेली. इन्चार्जने डबा घेतला, घड्याळ बघितलं आणि मिश्कीलपणे म्हणाला, "अरे वा, आज वेळेत! हात सुधारला वाटतं तुमचा."

ताई कसंनुसं हसल्या. ते हसणं प्लगकाकांना सहन झालं नाही. चार लोकांत बोलले होते, चार लोकांतच परत घ्यायला हवं होतं. ते पुढे झाले. काळे हात, अर्धा रुमाल खिशातून लोंबतोय.

"साहेब, मी ह्यांचा मेकॅनिक. ह्यांचा हात पहिल्यापासून चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे. गाडीत मी एक वायर चुकीची बांधली होती, म्हणून बंद पडत होती. आणि तपासून बघितली नाही, तरी बघितली म्हणून सांगितलं. डबा उशिरा आला तो माझ्यामुळे. ह्यांची फेरी काढू नका."

बाकड्यावरची एक म्हातारी चष्मा सावरून त्यांच्याकडे बघायला लागली. इन्चार्ज नुसती मान हलवून डबा घेऊन आत गेला. प्लगकाकांना वाटलं, झालं, संपलं. आता हलकं वाटेल.

ते जिना उतरून गाडीपाशी आले. ताई डाव्या हाताची बोटं उघडत-मिटत उभ्या होत्या.

"म्हणजे माझा हात ठीक होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"काका, तुम्हाला माहीत नाही, तीन आठवडे मी रोज सकाळी गोदामांमागच्या रस्त्यावर येत होते. क्लचचा सराव करायला. घरी सांगितलं, चालायला जाते. मुलांसमोर लाज वाटायची."

प्लगकाकांनी मान वर केली.

"तिथे तुम्ही दिसायचात. एकटेच चकरा मारत असायचात. तुम्ही मला बघू नये म्हणून मी कोपऱ्यावर थांबायचे, तुम्ही गेलात की मग चालवायचे. मला वाटायचं, एवढे मोठे मेकॅनिक, तरी रोज पहाटे उठून सराव करतात. मग आपण कशाला लाजायचं? तुमच्याकडे बघून धीर यायचा मला."

त्यांनी हेल्मेट चढवलं आणि गाडी सुरू केली. "बसा, सोडते तुम्हाला दुकानात."

"नको," प्लगकाका म्हणाले. "मी चालत जातो." आणि ते म्हणताना त्यांना स्वतःचीच किळस आली. मग मागे बसले. सगळा रस्ताभर त्यांना माफ करा, एवढं म्हणायचं होतं, पण ते फार छोटं वाटत होतं.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, साखरेचं आणि चालण्याचं आणि सगळंच. त्यांना वाटलं होतं ती हसेल, नाहीतर जवळ घेईल. ती रागावली. "म्हणजे चार वर्षं मी गावभर खोटं सांगत फिरले? तुमच्यासाठी?" दोन दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले तेव्हा तिने विचारलं, "बस उभी असली तरी भीती वाटते?" ते म्हणाले, "उभी असली की जास्त." ती दारात उभी राहून ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत होती.

त्याच दिवशी एक गाडी द्यायची होती. पहिल्या गिअरमध्ये धक्के देत होती, ते काढलं होतं. प्लगकाकांनी सकाळी सहाला ती गोदामांमागे चालवली. कोपऱ्याकडे त्यांची नजर गेली, तिथे कोणी नव्हतं. मोठ्या रस्त्याकडे जायचा प्रयत्न केला, दोन खांबांपर्यंत गेले, परत फिरले. दुकानात येऊन खडू हातात घेतला आणि बराच वेळ टाकीसमोर उभे राहिले. मग लिहिलं, 'मोकळ्या रस्त्यावर चालवली. गर्दीत नाही.'

दुपारी गाडीचा मालक आला. टायरवाला होता, आणखी दोघं बसलेले होते. मालकाने टाकीवरचं वाचलं, परत वाचलं.

"गर्दीत का नाही, काका?"

प्लगकाकांनी हात पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"मला भीती वाटते," ते म्हणाले.